भाऊसाहेबांच्या कानाचं जाळं

दि. १४, गुरुवार, दुपार

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. उजवा गुडघा तूर्त वाकायला राजी नसल्यामुळे आठांपैकी सात अंगं आत्ता पोचवतो. आठवं बरं झालं की मागाहून पाठवीन. तुझी तब्येत ठीक असेल, आणि नसली तरी तू ती कळवणार नाहीस, हे गृहीत धरलं आहे.

पत्रास कारण की, माझ्यावर अन्याय झाला आहे. माझी खुर्ची दुरुस्त झाली.

हसू नकोस. कारखान्याच्या कोपऱ्यातली ही माझी खुर्ची डुगडुगत असे. तिचा मागचा डावा पाय आखूड होता. वाक्य अडलं की मी मागे रेलायचो, ती खट् करून डावीकडे कलायची आणि त्या हिसक्यानं शब्द सुचायचा. संस्कृतच्या दोन पदव्या घेऊन ज्यानं उर्वरित आयुष्य ‘बक्कल कसे लावावे’ या विषयावर गद्यलेखन करण्यात घालवलं, त्याला एवढी एक डुगडुग तरी असावी की नाही? परवा सकाळी येऊन बसलो तर खुर्ची चारी पायांवर ठाम. मागे रेलून पाहिलं, पुढे रेलून पाहिलं. काही नाही. ‘बेल्ट वापरण्यापूर्वी तपासून घ्यावा’ हे एक वाक्य लिहायला मला दुपार झाली.

कुणी दुरुस्त केली ते शेवटी सांगतो. खरं तर तेच सांगायचं आहे, पण सरळ मुद्द्यावर येणं मला जमत असतं तर मी संस्कृत कशाला शिकलो असतो?

तू शेवटची आलीस तेव्हा आपल्या धाकटीचा कारखाना म्हणजे पुढच्या खोलीतली दोन मशिनं आणि एक रागीट मांजर एवढाच होता. आता लांबच लांब शेड आहे, मशिनांच्या दोन ओळी आहेत. मांजर गेली, राग धाकटीकडे आला. माल तोच. उंचावर काम करणाऱ्यांसाठी सेफ्टी बेल्ट. रंगारी, काचा पुसणारे, टाक्या धुणारे, सगळे आमचा बेल्ट कमरेला आवळून इमारतींच्या बाहेर लोंबकळतात आणि खाली त्यांच्या घरचे लोक वर बघायचं टाळतात.

आणि भाऊसाहेब आले, तेही तू गेल्यानंतर. भाऊसाहेब म्हणजे वाळूचं पोतं, भरल्या अंगाच्या पुरुषाएवढं जड. कुणीतरी त्यांना जुनी विजार चढवली, कुणी शर्ट दिला, उरलेल्या पट्टीचे कान शिवले, खडूनं नाक काढलं, आणि पोत्याचे भाऊसाहेब झाले. नव्या माणसाला पहिल्या दिवशी त्यांच्याशी हस्तांदोलन करावं लागतं. प्रत्येक खेपेतून हाताला येईल तो एक बेल्ट काढायचा, भाऊसाहेबांना बांधायचा, त्याची कडी तुळईच्या दोरात अडकवायची, कप्पीच्या दोरानं त्यांना माळ्याच्या उंचीपर्यंत ओढायचं आणि सोडून द्यायचं. ते अधांतरी हेलकावे खात राहिले की खेप पास. मग बेल्टांच्या आतल्या बाजूला शिक्का. भाऊसाहेब आजवर जमिनीवर पडले नव्हते. ते पडत नाहीत, हा आमच्या कारखान्याचा वेदान्त होता.

तर मध्यंतरी एका सकाळी धाकटी सुईदोरा घेऊन माळ्यावर गेली. भाऊसाहेबांची विजार गुडघ्यावर फाटली होती, तिला ठिगळ लावायला. बराच वेळ झाला तरी खाली येईना, म्हणून मी शिडीवरून डोकं वर काढलं. ती सुई हातात धरून तशीच उभी होती. भाऊसाहेबांच्या डाव्या कानापासून वरच्या तुळईपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. काल-परवाचं नव्हे. चांगलं ऐसपैस, पदरांवर पदर, मधे दोन माश्या बेगमीला गुंडाळून ठेवलेल्या. गृहस्थाचा संसार जमला होता.

आक्का, हलणाऱ्या माणसाच्या कानाला कोळी घर बांधत नाही. भाऊसाहेब कितीतरी दिवस जागचे उठले नव्हते. आणि खाली मात्र खेपांवर खेपा शिक्का लावून बाहेर पडत होत्या.

चाचणी घेण्याचं काम कुणाकडे आहे हे तुला मी सांगायला नको. तूच धाकटीशी त्याची गाठ घालून दिलीस. तुझा लाडका मेहुणा. आम्ही सगळे त्याला मिस्त्री म्हणतो. ज्याच्या हातात दिलेली वस्तू दुरुस्त झाल्याशिवाय परत येत नाही, तो मिस्त्री. लोकांचं त्याच्यावर प्रेम आहे. माझंही आहे.

धाकटीनं जाळं पुसलं नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर फार आलं. नुसता हात फिरवला असता तरी पुरलं असतं. तिनं खाली येऊन नवऱ्याला हाक मारली, दोघं वर गेली, आणि थोड्या वेळानं पुढेमागे उतरली. मिस्त्रीनं काही नाकारलं नाही. माझ्याकडे बघून फक्त म्हणाला, ‘‘दादा, कोळ्यानं चुगली केली.’’ हसायचा प्रयत्न होता तो. आम्हा दोघांनाही जमला नाही.

आता आमची रीत सांगतो. ज्याचं काम चुकतं त्यानं ते मधल्या टेबलावर बसून स्वतः उसवायचं, सगळ्यांच्या देखत. कुणी टोमणा मारायचा नाही, कुणी मदत करायची नाही. ही रीत धाकटीनंच घातली, ओरडायचा कंटाळा येतो म्हणून. मागे आमचा कटाईवाला तिथे आठवडाभर बसला होता. त्याला आम्ही कात्री म्हणतो, अर्धं हत्यारावरून, अर्धं जिभेवरून. पट्टी वाकडी कापली गेली होती आणि हा गप्प राहिला होता.

मिस्त्रीची बातमी शेडभर व्हायला मशिनाच्या चार टिपांचाही वेळ लागला नाही. मी कोपऱ्यात बसून बघत होतो. मला वाटलं होतं लोक मिस्त्रीवर चिडतील. कुणी चिडलं नाही. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. सगळे धाकटीच्या दाराकडे बघत होते. चूक तर कुणाकडूनही होते, असं लोकांचं उदार मत असतं; माणूस बघून नियम वाकतो का, याबद्दल मात्र ते उदार नसतात. कात्रीनं तर जाहीर केलं, ‘‘मधलं टेबल आज आजारी पडणार बघा. पाय मुरगळला म्हणून आत नेऊन ठेवतील.’’ चहाच्या पैजा लागल्या. बहुतेकांनी कात्रीच्या बाजूनं लावल्या.

मी मिस्त्रीकडून कारण काढून घेतलं आणि थोरल्या भावाच्या अधिकारानं रदबदली करायला आत गेलो. म्हटलं, अगं, त्याचा खांदा धरलाय. दोर ओढवत नाही त्याला. तुला सांगितलं तर तू काम सोडायला लावशील म्हणून लपवत होता, आणि भाऊसाहेब कधी पडलेच नाहीत तर आज कशाला पडतील, असं मनाला समजावत होता. काही दिवस आजारी म्हणून घरी बसव. जाळं मी झाडतो. मी हे फार सुंदर बोललो, आक्का. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं यथासांग.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘दादा, खांदा दुखतो हे त्यानं सांगायला हवं होतं. शिक्का मारायला नको होता. दुखऱ्या खांद्याला मी तेल लावीन. खोट्या शिक्क्याला काय लावू?’’

माझ्या दोन्ही पदव्या तिथेच संपल्या.

जेवणानंतर तिनं मशिनं थांबवायला सांगितली. उभी राहिली, आवाज चढवला नाही. चाचणी न घेता शिक्का मारलेल्या सगळ्या खेपा परत मागवायच्या, आजच दुकानदारांना आणि ठेकेदारांना फोन करायचे. शिक्का मिस्त्रीकडून आपल्याकडे घेतला आहे. आणि आलेला प्रत्येक बेल्ट मिस्त्री मधल्या टेबलावर बसून उसवील. एवढं सांगून ती थांबली. संपलं असं वाटून कुणीतरी मशिनाकडे हात नेला, तेव्हा ती पुढे म्हणाली, ‘‘आणि माळ्यावर जाऊन बघायचं काम माझं होतं. माझा माणूस वर आहे म्हणून मी बघितलं नाही. तेव्हा समोरच्या स्टुलावर मी.’’

आणि बसली. मालकीणबाई, सगळ्यांसमोर, नवऱ्याच्या समोर, हातात उसवणी घेऊन.

मी तुला तिच्या लहानपणीच्या तक्रारी पुष्कळ केल्या आहेत. ती हट्टी आहे, माझी दौत तिनं मांजरावर ओतली होती, वगैरे. त्या सगळ्या मागे घेतो. दौतीची ठेवतो.

शेडमधली मशिनं पुन्हा सुरू झाली. कात्रीनं पैज हरल्याचा चहा सगळ्यांना पाजला आणि स्वतः प्यायला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तोंडं सुटली. काही म्हणाले, हे जास्तच झालं, नवऱ्याला चार लोकांत असं बसवतात का? काही म्हणाले, कमी झालं, दुसरा कुणी असता तर त्याला घरचा रस्ता दाखवला असता. यावर कात्रीनंच, ज्याच्याकडून मी ते कधी अपेक्षिलं नसतं त्यानं, मान वर न करता विचारलं, ‘‘दुसरा मीच होतो की. मी गेलो का घरी?’’ तो विषय तिथे मिटला.

सगळ्यांत कठोर वागल्या त्या बॉबिनकाकू. आमच्या सर्वांत जुन्या शिवणाऱ्या. त्यांचा मुलगा उंच इमारतींच्या काचा पुसतो, आमचाच बेल्ट लावून. त्यांचं मशीन मधल्या टेबलाकडे तोंड करून होतं. ते त्यांनी उठून, एकटीनं, फरशीवर करकर वाजवत उलटं फिरवलं आणि पाठ करून बसल्या. मिस्त्रीची मान आणखी खाली गेली. धाकटीनं पाहिलं आणि उसवत राहिली.

नंतर मात्र एक साथ आली, आक्का. कबुलीची. मालकीणच टेबलावर बसली म्हटल्यावर लोकांना आपापली पापं टोचू लागली असावीत. धाकटीच्या दाराशी रांग. एकजण म्हणाला, मी तेलाचा डबा रिकामा झाल्याचं सांगत नाही, दुसऱ्याच्या मशिनाखाली सरकवतो. एकीनं सांगितलं, मी पट्टीच्या तुकड्याचा कुत्र्याला गळपट्टा केला. कुत्र्याला घेऊन येऊ का? एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर फार जड मनानं कबूल केलं की भाऊसाहेबांचं नाक आपल्याला आवडत नाही. धाकटीनं त्यांनाही गंभीरपणे ऐकून घेतलं. डब्यातली बिस्किटं दुपारपर्यंत टिकू लागली. टिपा सरळ आल्या. मी स्वतः एका माहितीपत्रकातला ‘अत्यंत सुरक्षित’मधला ‘अत्यंत’ काढून टाकला.

बेल्ट परत येत होते. उसवण्याआधी प्रत्येक खेपेतला एक भाऊसाहेबांना बांधायचा आणि राहिलेली चाचणी घ्यायची, असं ठरलं होतं. दोर कात्री आणि धाकटी मिळून ओढत. भाऊसाहेब वर जात, सुटत, लटकत. पहिली खेप टिकली. दुसरी टिकली. आणखी टिकल्या. मग हळूहळू कुजबूज सुरू झाली, की बघा, काही झालं नसतंच. मिस्त्री बिचारा उगाच. खरं सांगतो, मीही त्या कुजबुजीत मनातल्या मनात सामील होतो.

त्या दिवशी एक रंगारी स्वतःच बेल्ट परत द्यायला आला होता. अंगावर रंगाचे शिंतोडे, हातात चहाचा कप. म्हणाला, आलोच आहे तर बघतो तुमची गंमत. त्याचाच बेल्ट बांधला. भाऊसाहेब वर गेले, सुटले, आणि दोर ताणला गेला तसा कडीजवळ टर्र असा आवाज आला. ते खाली आदळले. पोट फुटलं, वाळू थेट रंगाऱ्याच्या पायांपर्यंत सांडली.

मशिनं कुणी न सांगता थांबली. रंगाऱ्यानं वाळूकडे पाहिलं, वर माळ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला. ‘‘हा लावून मी टाकीच्या तीन बाजू रंगवल्या,’’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘‘दुसरा कधी मिळेल? चौथी राहिलीय.’’

धाकटीनं नव्यानं शिवून चाचणी घेतलेल्या खेपेतला बेल्ट आणला, त्याच्यासमोर पुन्हा एकदा भाऊसाहेबांऐवजी वाळूच्या दुसऱ्या पोत्यावर ओढून दाखवला, मगच त्याच्या हातात दिला. तोवर बॉबिनकाकू उठून आल्या होत्या. त्यांनी खाली वाकून फाटलेला बेल्ट उचलला, कडीजवळची टीप बोटानं चाचपली. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, जिचा तिला कळतो. दोरा मधेच संपला होता आणि त्यांनी हाताशी होता तो दुसरा, कच्चा, जोडून टीप पुरी केली होती.

‘‘टीप माझी आहे,’’ काकू म्हणाल्या.

एवढंच. मग त्यांनी एक स्टूल ओढलं आणि मधल्या टेबलावर तिसऱ्या येऊन बसल्या. मिस्त्रीनं आपली उसवणी त्यांच्यापुढे सरकवली आणि स्वतःसाठी दुसरी घेतली. त्या दिवशी जाताना त्यांनी आपलं मशीन पुन्हा सरळ फिरवलं. फरशी तशीच करकरली, पण या वेळी दोघे हात लावायला धावले होते.

कुजबूज परत कधी झाली नाही. ज्यांना शिक्षा जास्त वाटली होती ते आणि ज्यांना कमी वाटली होती ते, कोण कुठले हे आता मलाही आठवत नाही. मला एवढं आठवतं की त्या संध्याकाळी मिस्त्रीनं वाळूचा कण न कण झाडून गोळा केला आणि भाऊसाहेबांचं पोट शिवलं.

इथपर्यंतची गोष्ट मी अभिमानानं सांगतो. कुणालाही सांगीन. पुढची फक्त तुला.

गेल्या शनिवारी शेवटचा बेल्ट उसवून झाला. धाकटी उठली, हातावरचे दोऱ्याचे तुकडे झटकले, आतून शिक्का आणला आणि सगळ्यांसमोर नवऱ्यापुढे धरला. म्हणाली, ‘‘सोमवारपासून माळ्यावर. दोर कात्री ओढेल. सोडायचं आणि बघायचं तू.’’ लोकांचे चेहरे खुलले होते. काकूंनी तर चष्मा पुसला.

मिस्त्रीनं हात पुढे केला नाही. म्हणाला, ‘‘राहू दे अजून थोडं.’’

आणि बसून राहिला. सोमवारी आला, पुन्हा मधल्या टेबलावर बसला. उसवायला काही उरलेलं नाही, म्हणून जे दिसेल ते दुरुस्त करतो. स्टुलं झाली, शिडीची पायरी झाली, भाऊसाहेबांना नवं नाक आलं, आणि परवा कुणी यायच्या आत माझी खुर्ची झाली. कोण ते तू केव्हाच ओळखलं असशील. शेडमधे आता एकही वस्तू डुगडुगत नाही, आणि कुणालाच ते बरं वाटत नाही. लोक त्याच्या टेबलाजवळून जाताना चप्पल वाजवत नाहीत. काल कात्री धाकटीसमोर जाऊन उभा राहिला. जीभ नेहमीचीच, आवाज नेहमीचा नव्हता. ‘‘ताई,’’ म्हणाला, ‘‘शिक्षा देता येते तुम्हाला. परत घेता येत नाही का?’’

तिनं हिशेबाची वही उघडली आणि उलटी धरून वाचत बसली.

घरी ती रोज त्याच्या खांद्याला तेल लावते. म्हणाली होती, तसं. तो लावून घेतो. जेवताना ‘वाढू का’ आणि ‘पुरे’ एवढेच शब्द ताटांवरून जातात-येतात. मी मधे बसून विनोद करतो आणि दोघं माझ्याकडे दयेनं बघतात. ती काल मला म्हणाली, मी चुकले का दादा? मी म्हटलं, नाही. ते खरं आहे. पण तेवढ्यानं भागत नाही, हेही खरं आहे, आणि ते मी तिला सांगितलं नाही. तिनं एकदा सगळ्यांसमोर शिक्का पुढे केला. ती दुसऱ्यांदा करणार नाही, तिला तू ओळखतेस. आणि त्याच्या कानात अजून वाळू पडते आहे.

शिक्का सध्या माझ्या टेबलावर आहे. तिनं ठेवला. दोघंही येता-जाता बघतात. उचलत कुणीच नाही.

तो तुझं ऐकतो. तू काय बोलशील मला माहीत नाही. कदाचित काही बोलणारही नाहीस, नुसती येऊन मधल्या टेबलाशी त्याच्याजवळ बसशील. पण ये. खुर्चीबद्दल लिहिलं ते सगळं सोडून दे. मला भीती वाटते, आक्का, की तो आता उठायचाच नाही, आणि इतकं सगळं बरोबर वागून माझी धाकटी त्याच्यासमोर आयुष्यभर एकटी बसेल.

तुझी वाट बघणारा,
पंडित